निवताना

पहिली फ्रेम वाकडी निघाली.
कर्णांत अकरा मिलिमीटरचा फरक.
चाकं लावून बघितलं, तर मागचं उजवं हवेत,
खांबापाशी कुत्र्यानं उचललेल्या पायासारखं.
मला हसू आलं नाही. तीन महिन्यांचे रविवार होते त्यात,
आणि आईच्या भिशीचे बावीस हजार.

फिदेलिस मास्तर स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत.
गोदीत चौतीस वर्षं जहाजांची पोटं सांधलेला माणूस.
म्हणाले, "एका कोपऱ्यात सुरू केलंस
आणि संपेस्तोवर थांबली नाहीस ना?
तिथंच चुकलं. दमायला पायजे होतं."

मग दारूखान्यात टेबल शोधायला गेलो.
टेबल म्हणजे मोडलेल्या बोटीचा पत्रा,
आठ बाय चार, वीस मिलिमीटर जाड,
एका अंगाला लाल रंग अजून, त्यावर कालवांचे पांढरे वण.
हातगाडीवाल्यानं तीनदा भाव बदलला.
रे रोडच्या चढावर चौघांनी न सांगता हात लावला.
एकानं विचारलं, कशाला?
गाडी बनवतेय.
त्यानं हातगाडीकडे पाहिलं: "मग ही काय आहे?"

रॉड बिस्किटाच्या डब्यात, साठच्या बल्बखाली.
या हवेत मीठसुद्धा पाझरतं,
ओला रॉड नुसता थुंकतो.

चौकोनी पाईपांची तोंडं कानशीनं अशी घासायची
की सांध्यात नख जाऊ नये.
फट राहिली की जास्त ओतावं लागतं,
आणि जास्त ओतलेलं जास्त आवळतं.
पत्र्याला क्लॅम्प. गुण्या. परत गुण्या.
मग टाके. नुसते टाके, चण्याएवढे.

हे मला न सांगता कळलं,
कारण गाळ्याच्या पोटमाळ्यावर आई ब्लाऊज शिवते.
आधी कच्चा धावदोरा,
गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचं,
हात वर कर, खाली कर,
मशीन नंतर.

इथं एक इंच.
मग तिकडं, तिरक्या कोपऱ्यात, एक इंच.
मग याच्या पाठीवर.
मग काच वर, आणि काहीच नाही.
"हात ठेवून बघ. ठेवता येतो? मग पुढचा.
नाय? मग चहा."
त्या रविवारी अकरा चहा झाले.
पाणी मारू का, मी एकदाच विचारलं.
मास्तरांनी बशीत फुंकर मारली.
"तापतं तेव्हा पसरतं, ते सगळ्यांना दिसतं.
निवताना ओढतं, तेव्हा कोण बघत नसतो.
तू बघ."

मी बघत बसले.
लाल गेला, निळा आला, मग गवती,
मग राखाडी, ज्यात काही दिसत नाही
तरी बोट भाजतं.
शेजारच्या गाळ्यातले खोके बांधणारे घरी गेले.
एक सांधा बारीक टण् वाजला,
कुणी बोलता बोलता थांबावं तसा.

आठव्या रविवारी आई खाली उतरली,
गळ्यात टेप, दातांत टाचणी.
मास्तर म्हणाले, कापडी टेप ताणते, बाय.
आई म्हणाली, ताणायची नसते. ठेवायची असते.
एक कर्ण. दुसरा कर्ण.
मग मास्तरांनी स्वतःची पोलादी टेप काढली, बिचकत.
दोन मिलिमीटर.
पहिल्यांदाच उठून ते फ्रेमभोवती फिरले,
"एवढे लोखंडाचे," म्हणाले, "त्याला देऊन टाक."

क्लॅम्प मी सोडले, एकेक, तिरके.
शेवटचा सुटताना श्वास धरला होता.
फ्रेम कणभर हलली
आणि पत्र्यावर परत टेकली,
चारी कोपऱ्यांनी.

अजून इंजिन नाही, स्टिअरिंग नाही,
नंबर मिळेल का, कुणी सांगत नाही.

पहिली फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलीय.
विकायला आईनं नको म्हटलं.
ती तिच्यावर अस्तरं वाळत घालते,
रात्रभर बादलीत भिजवलेली, अजून न कापलेली,
जी काय आटायची ती आधीच आटून घ्यावीत म्हणून.